नववी पात

२००४ साली जव्हारच्या कॉलेजात आम्ही सोळा जुने संगणक जोडून पावसाचा अंदाज काढणारा छोटा महासंगणक उभा केला. पाच वाजता पुण्याची समिती येणार होती. उत्तरं भरवशाची निघाली, तरच तो जव्हारला राहणार होता.

सकाळी नववा संगणक जळाला. मी त्याचे सगळे भाग काढून रिकामा डबा झाकण लावून व्हरांड्यात ठेवला. घाईत गणिताचे मात्र सवयीने सोळाच वाटे केले.

दुपारी सोळाही वाट्यांची उत्तरं आली. नववं मी दुसऱ्या यंत्रावर पुन्हा काढलं. तंतोतंत जुळलं.

ते ऐकून कॉलेजात झाडू मारणाऱ्या, पोशेरा गावच्या नवशीमावशीला हसू आलं. "कापणीला मेलेल्या माणसाची पात, त्याच्या वाट्याची ओळ, आम्ही सोडून ठेवतो. ती पण होते कापून. एवढी शिकलीस, नि घाबरतेस?"

"घाबरत नाही, मावशी. तपासते."

कारण कळल्याशिवाय समितीला उत्तर द्यायचं नाही, हे मी ठरवलं. उरलेले पंधराही संगणक बंद केले. वाटे पाठवणारा माझा वेगळा संगणक तेवढा चालू ठेवला. तो स्वतः गणित करत नाही. नवव्याला नवं गणित पाठवलं.

पडद्यावर आकडा सरकू लागला. दहा टक्के. तीस. पन्नास.

मी पेचकस घेऊन व्हरांड्यात गेले. मावशी डब्याला पाठ लावून बसली होती. तिथून पडदा दिसत नव्हता.

"आता नको उघडू, बाय," ती हळूच म्हणाली. "निम्मी पात राहिलीय."