नकाशा फाटला तिथून पुढे

"अहो, हे वळण जरा बेतानं घ्या. चहा ओततेय मी."

"माझ्या हातून कधी सांडलाय चहा?" स्टिअरिंगवर हात ठेवून नवऱ्यानं विचारलं.

सांडला नव्हता, हे मात्र खरं. तिनं थर्मासमधून दोन कप काठोकाठ भरले आणि एक त्याच्यापुढे ठेवला. नवरा हाडाचा मिस्त्री. सगळं आयुष्य गाड्यांखाली गेलेलं. तो चालवायला बसला की इंजिनाचा आवाजसुद्धा यायचा नाही. "खड्डा!" म्हणून तो ओरडायचा, ती सीटवरून वीतभर उडायची, पण कपातला चहा काही जागचा हलायचा नाही. तिला त्याचा कोण अभिमान!

कॅराव्हॅन त्यांची नव्हती. दोन वाजता ती दुसऱ्यांच्या ताब्यात द्यायची होती आणि त्यात पाच मिनिटांचीही सवलत नव्हती. म्हणून तिनं पलंगावरच्या चादरीला त्याला हात लावू दिला नव्हता, शेगडी पेटवू दिली नव्हती, आणि त्याच्या कपड्यांचं ग्रीस लागू नये म्हणून सीटवर वर्तमानपत्र अंथरलं होतं.

"सहलीला आलोय की परीक्षेला?" तो कुरकुरला. "निदान ते फडकं तरी ठेव खाली."

"हातात फडकं नसलं की मला चुकल्यासारखं होतं," ती म्हणाली आणि बोलता बोलता समोरची काच पुसून मोकळी झाली.

तिच्या मांडीवर नकाशा होता. कुणा प्रवाशानं टाकून दिलेला, घड्यांवर विरलेला. त्यात किनाऱ्याचा रस्ता शेवटच्या वळणापर्यंत होता. पुढचा तुकडा फाटून गेला होता. दर वेळी ही दोघं या वळणाशी यायची आणि तोवर दोन वाजत आलेले असायचे. की फिरा माघारी.

आणि तिला नेमकं तिथंच जायचं होतं. इकडे किनाराभर नुसते कडेच कडे. पाण्यात उतरायची वाट म्हणे फक्त टोकाला. "तुला समुद्रात पाय घालायला नेईन," असं लग्नाच्या दुसऱ्या दिवशी त्यानं कबूल केलं होतं, त्याला एकतीस वर्षं झाली. मुलं झाली, आजारपणं झाली, आज याचं लग्न, उद्या त्याचं घर. समुद्राची पाळी काही आली नाही. तिनं कधी टोचून बोलून दाखवलं नाही. पण अलीकडे धुणं भिजवताना ती पाण्यात हात तसेच ठेवून बसायची आणि उगाचच रडू यायचं.

आजची खेप शेवटची होती. उद्यापासून तो निवृत्त. मग गाडी कुठली आणि रस्ता कुठला! दोघांनी लेकाकडे राहायला जायचं ठरलं होतं. तिथून तर समुद्र आणखी लांब.

"माझी वाळूची बरणी कुठाय?" तिला एकदम आठवलं. कॅराव्हॅनच्या फरशीवर सापडलेली वाळू ती कधी फेकायची नाही. चिमूट चिमूट करत बरणी भरत आणली होती. आज सकाळी ती फळीवर दिसली नव्हती.

"आहे माझ्याजवळ. ज्याची वाळू त्याला परत करू."

"किती वाजले?"

"पावणेदोन."

तिचा चेहरा उतरला. "राहू द्या मग. नाही व्हायचं आपल्याच्यानं. फिरवा मागे."

"आज नाही फिरवायची."

"अहो, पण नकाशा इथंच संपतो ना!"

"संपू दे. टोकाला जाऊन आलेला एक म्हातारा गाठला मी परवा. दीड तास पिडलं त्याला, दगड न् दगड विचारून घेतला. बिचाऱ्याची बस चुकली माझ्यापायी."

तिला हसू आलं. तिच्या बाजूनं ऊन यायचं म्हणून खिडकीचा पडदा ओढलेला होता. ती सीटवर पाय आवळून बसली आणि कान देऊन ऐकू लागली.

"हे आलं वळण. डावीकडे पडकी भिंत. भिंतीवर पांढरा पक्षी बसलाय."

"एकटाच?"

"थांब, आला दुसरा. आता उतार. रस्ता बारीक होत चाललाय. वास येतोय का?"

तिनं छाती भरून श्वास घेतला. "येतोय," ती म्हणाली.

त्यानं हँडब्रेक ओढला. "डोळे मिट."

"हे काय नवीन आता?"

"एकतीस वर्षं थांबलीस, आणखी एक मिनिट थांब."

तो आधी उतरला. बाहेर काहीतरी सरकवल्याचा आवाज झाला. मग त्यानं तिला हाताला धरून दारातल्या पायरीवर बसवलं आणि तिच्या चपला काढून बाजूला ठेवल्या. तिनं भीत भीत पाय खाली सोडले.

पाणी चांगलंच गार होतं. तळाशी वाळू होती, ती बोटांच्या फटींतून वर आली.

"अगं बाई! वाळू!"

"मग? समुद्र आहे तो. थांब, लाट येतेय."

पाणी सरसरत घोट्यांवर आलं. मागोमाग दुसरी लाट आली. ती लहान पोरीसारखी खिदळली आणि हसता हसताच तिला रडू फुटलं. ओठांवर खारट चव आली. त्यानं तिचा हात घट्ट धरून ठेवला होता.

"पोचलो हो," ती म्हणाली. "पोचलो एकदाचे."

"अहो मिस्त्री!" यार्डाच्या फाटकातून सुपरवायझर ओरडला. "या सात नंबरच्या गाडीची बॅटरी अजून टेबलावरच पडलीये, पार्टी दारात येऊन उभी आहे, आणि मावशी, तुम्ही फरशी पुसायच्या बादलीत पाय घालून काय बसलाय?"