ओट्याची उंची

वाळूजच्या कारखान्यांत कामगारांची पाठ दुखू नये म्हणून टेबलांची उंची ठरवून देणं, हे मोनिकाचं काम. “एवढं शिकून टेबलंच मोजतीस व्हय गं?” असं म्हणून काकासाहेब लेकीला हसायचे. पण तिची आई गेल्यापासून उस्मानपुऱ्यातल्या घरी ते स्वतःच भाकरी थापायला लागले आणि महिनाभरात त्यांची कंबर धरली.

रविवारी मोनिका टेप घेऊन आली. सहा फुटी माणसाला स्वयंपाकाचा ओटा चांगला अर्धा फूट ठेंगणा पडत होता.

“आप्पा, उद्याच गवंडी बोलावते. ओटा उंच करून घेऊ.”

“गवंड्याचं नाव काढू नको. घर बांधताना तुझ्या आईला उभं करून, तिच्या कोपराच्या मापानं केलेला ओटा हाय त्यो. लई बुटकी. माझ्या खांद्यालाबी लागत नव्हती.” काकासाहेबांनी फडक्यानं ओटा पुसून घेतला. “आता तिची उंची कळायला घरात एवढंच राहिलंय.”

 

मोनिकानं टेप गुंडाळली आणि नोकरीत आजवर कुणालाच न दिलेला सल्ला दिला, “मग आप्पा, तुम्हीच वाकत जा थोडं.”