नाल्यावरचा सत्यनारायण

साहेबांची गाडी गेली. साहेब मात्र सुमतीबाईंच्या हॉलमध्ये, चौरंगासमोर मांडी घालून बसलेले.

गाडी घालवली गुरुदत्तने. सुमतीबाईंचा हा धाकटा दीर पन्नाशीला आला, तरी लोकांच्या दाराची बेल वाजवून पळायची हौस काही फिटलेली नाही. खाली जाऊन त्याने ड्रायव्हरला बिनधास्त सांगितलं, "साहेब जेवूनच निघणार. मी सोडतो त्यांना बाईकवर. तू शीळफाट्याला जाऊन थांब." ड्रायव्हर खूश.

रस्ता एकच, केमिकल कंपनीच्या गेटवरून जाणारा. गेटवर गुणाजी वॉचमन. सरकारी बोलेरो वस्तीकडे वळली की गुणाजीचा कंपनीत फोन, नाल्यात सोडायचं रसायनाचं पाणी बंद. बोलेरो परत गेली की दुसरा फोन, पाणी चालू. एमआयडीसीतलं शेंबडं पोरही हे सांगेल. इथे हिरवा पाऊस पडला तेव्हा मोर्चा निघाला, रस्ता गुलाबी झाला तेव्हा पेपरात फोटो आले, स्फोटात काचा फुटल्या तेव्हा मोठमोठी माणसं बघून गेली. नाला होता तसाच.

प्रदूषण मंडळाचे हे साकेत साहेब याआधीही आलेले. पाणी नितळ. आज तपासणीला आले, ते पूजेला बसवले. आजही नितळच निघालं तर सुमतीबाईंची तक्रार बंद. आणि तक्रार बंद झाली की नात सान्वी कायमची आजोळी. सूनबाई अक्षदाने फोनवर सांगूनच टाकलेलं, "आई, नाला सुधारेपर्यंत मी हिला तिथे आणत नाही. तिची धाप बघवत नाही मला."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "काकू, प्रसाद द्या ना. निघतो मी."

"कथा अर्धी टाकून? साहेब, आत्ताच ऐकलंत ना, प्रसाद न घेता जी धावली, तिच्या नवऱ्याची नाव बुडाली."

साहेब परत बसले. 

गुरुदत्त बाल्कनीत, कठड्याला रेलून. खाली नाला. पाणी असं, की तळाचे दगड मोजावेत. गुरुजींनी चौथा अध्याय संपवला आणि हळूच बाल्कनीकडे बघितलं. गुरुदत्तने 'अजून नाही' अशी मान हलवली. गुरुजींनी घसा खाकरून चौथा अध्याय परत सुरू केला.

"हा आत्ताच झाला ना?" साहेब म्हणाले.

"चौथा दोनदा वाचतात आमच्यात," गुरुदत्त म्हणाला.

"ही कुठली पद्धत?"

"डोंबिवली पूर्व."

साहेबांना हसू आलं नाही. ते उठलेच. खिशातून मोबाइल काढला. "गाडी खालीच आहे ना माझी?"

गुरुजींचं बोट पोथीवर थांबलं. सुमतीबाईंनी निरांजनात उगाच तूप घातलं, ते बाहेर सांडलं. साहेबांनी नंबर लावायला अंगठा टेकवला.

तेवढ्यात वास आला. कुजक्या अंड्यांचा नाही, तो रोजचाच. हा नाकातून थेट घशात उतरणारा. साहेब खोकले, डोळे पुसत बाल्कनीत आले. गुरुदत्त नुसता बाजूला सरकला.

नाल्याच्या एका कडेला केशरी रेघ धरलेली. बघता बघता ती पसरली. वर फेस, ताकाला यावा तसा.

"गाडी गेली म्हणून?" साहेब हळू आवाजात म्हणाले.

"गाडी गेली म्हणून." गुरुदत्तची बत्तिशी बाहेर.

"आता तुमच्या हाताने नमुना भरा, साहेब," सुमतीबाई म्हणाल्या. "आमचे व्हिडिओ कोणी मानत नाही. म्हणतात, कुठला नाला, कधीचा नाला."

साहेबांचा एक पाय बुटात गेलेला. "चला खाली. बाटल्या..." आणि ते तसेच थांबले. "बाटल्या गाडीत आहेत."

सुमतीबाई धावत जाऊन पाण्याची रिकामी बाटली घेऊन आल्या.

"नाही चालत, काकू. सीलची लागते. नाहीतर कंपनीचा वकील म्हणेल, घरीच रंग कालवला."

"भावजी, काय हे!" सुमतीबाई म्हणाल्या. "एवढं डोकं चालवलंत, आणि बाटल्या पण घालवल्यात?"

गुरुदत्तचं तोंड एवढंसं झालं. "वहिनी, मी आणतो ना. आत्ता जातो बाईकने." तो चावी शोधायला लागला, तोच साहेबांचा मोबाइल वाजला. ड्रायव्हर.

"साहेब, तुम्हाला असं टाकून जायचं बरोबर नाय वाटलं. अर्ध्यातनं फिरलो मी."

"कुठे आहेस?"

"कंपनीच्या गेटवर. गुणाजीशी जरा बोलत होतो."

"तिथेच थांब! इकडे आणू नकोस गाडी!"

"हॅलो? आवाज तुटतोय साहेब. आलोच!"

साहेब जिना उतरत पळाले, मागून गुरुदत्त. बोलेरो वळणावरून आलीच. साहेबांनी दार उघडलं, बाटली ओढली आणि नाल्याकडे धावले. वरून सुमतीबाई ओरडत होत्या, "लवकर! अहो, लवकर!"

कंपनीचा पाइप तिथून हाकेवर, आणि तो बंद झालेला. फेस पुढे वाहत गेला. केशरी पिवळं झालं, पिवळं फिकं झालं. साहेब काठावर वाकले तेव्हा तळाचे दगड दिसत होते.

ड्रायव्हर शेजारी येऊन उभा राहिला. "आज पाणी मस्त आहे, साहेब."

साहेबांनी त्याच्याकडे बघितलं. बाटली उघडलीच नाही. वर आले, बूट काढले आणि चौरंगासमोर बसले. गुरुजींनी पाचवा अध्याय वाचला. आरती झाली. गुरुदत्त दाराआड उभा, टाळ्यासुद्धा वाजवत नव्हता.

सुमतीबाईंनी शिऱ्याची वाटी पुढे केली. "म्हणजे तक्रार बंद का, साहेब?"

साहेबांनी सावकाश शिरा संपवला. मग सीलची बाटली रुमालात गुंडाळून आपल्या खांद्यावरच्या बॅगेत तळाशी घातली.

"काकू, परत एक पूजा घाला," ते म्हणाले. "मी रिक्षाने येईन."