शिंगाच्या मुठीचा चाकू

पोलीस ठाण्याच्या उकंडा जमादारानं पिशवीतून चाकू काढून अब्दुल गनींसमोर ठेवला.

"गनीचाचा, हे जरा पाहून सांगा. कोणत्या जमान्याचा, कितीचा, कोणाचा असन."

दिग्रसच्या बाजारात चाळीस वर्षं चाकू-सुऱ्या दुरुस्त करणाऱ्या गनींनी चष्मा चढवला. चाकू गंजानं माखला होता. पातं मुठीत अडकून बसलं होतं.

"कुठं सापडला?"

"पडीत विहिरीतला गाळ काढून राह्यले होते. हाडं निघाली. त्याच्यासंगं हा."

जमादाराच्या मागं, दुकानाची फळी धरून प्रभावती उभी होती. तिचा नवरा देवसिंग चार वर्षांपूर्वी, बोंडअळीनं सारा कापूस खाल्ला त्या साली, घरातून गेला तो परतलाच नव्हता. कोणी म्हणे सुरतेला कामाला लागला, कोणी म्हणे उमरखेडच्या स्टँडवर दिसला. प्रभावतीनं कुंकू पुसलं नव्हतं. दर बाजाराच्या दिवशी ती दुकानाशी थांबायची.

"चाचा, त्याचं काही समजलं का?"

गनी नुसती मान हलवायचे. एकदा ती म्हणाली होती, "ज्या दिवशी समजन ना चाचा, त्या दिवशी मी बी संपली."

"बाई म्हणते, हा देवसिंगचा नाही," जमादार म्हणाला. "पण देवसिंग तुमच्याचकडं यायचा ना? तुम्ही ओळखान."

गनींनी अंगठ्यानं मुठीवरचा गाळ खरवडला. खाली काळं शिंग लागलं. त्यात पितळेच्या तीन खिळ्या, दोन सारख्या, तिसरी जाड. ती त्यांनीच ठोकलेली. पातं विलायती होतं, देवसिंगच्या आज्याच्या वेळचं. जुनी मूठ फुटली तेव्हा गनींनी आठवडाभर म्हशीचं शिंग घासून ही बसवली होती. असा चाकू अख्ख्या तालुक्यात दुसरा नव्हता. एखाद्या शौकिनानं हजार रुपये हसत दिले असते.

त्यांनी वर पाहिलं. प्रभावती त्यांच्या तोंडाकडं एकटक बघत होती. तिचे ओठ पांढरे पडले होते.

मालाबद्दल गनी आजवर कोणाशी खोटं बोलले नव्हते.

"बाजारू माल हाय," ते म्हणाले. "जत्रेत असे ढिगानं मिळतात. वीस रुपयांच्या वर कोणी देणार नाही."

"देवसिंगचा?"

"त्याचा म्या हातात घेतलेला हाय. हा नाही."

जमादारानं तसं लिहून घेतलं, खाली गनींची सही घेतली.

"म्हणजे हाडं बेवारसच," तो पुटपुटला आणि मोटारसायकल काढून गेला.

गनींनी चष्मा काढून ठेवला. देवसिंग भला होता की बुरा, त्यांना ठाऊक नव्हतं. चहा पाजल्याशिवाय मात्र तो कधी उठला नव्हता. आता त्याला माती मिळणार, तीही नावाशिवाय. गनींनी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. पण ही पोरगी तरी जगेल.

प्रभावती पुढं आली. वाकून तिनं त्यांच्या पायाला हात लावला.

"राहू दे, बेटी. घरी जाय. आस सोडू नको."

तिनं रस्त्याकडं एकदा पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"लई उपकार झाले, चाचा. पण मीच त्याले ढकललं, हे तुमाले कधी समजलं?"