सासूचा आवाज

"असू दे," सासू म्हणाली.

सुनेचे हात जागीच थांबले. चादरीची घडी चांगली चार बोटं वाकडी गेली होती. सुनेनं ती मुद्दामच वाकडी घातली होती. एरवी एवढ्यावर सासूनं तिला तोंडानं सोलून काढलं असतं.

इस्पितळाच्या धुलाईघरात दोघी समोरासमोर उभ्या राहून चादरींच्या घड्या घालत. टोकाला टोक लावायला जवळ यायचं, पुन्हा मागं सरायचं. जवळ आलं की एक टोमणा ठरलेला. सून आधी रडायची. मग तिच्या ध्यानात आलं, खांदा ठणकायला लागला की हिची जीभ सुटते. तेव्हापासून टोमणे ती कानाआड करी आणि घरी गेल्यावर न विचारता गरम पाण्याची पिशवी भरून देई.

पण आठवडाभर डबल पाळी चालली होती. आज सकाळपासून एक टोमणा नाही. मघाशी तर सासू म्हणाली, "दमलीस का गं?" म्हणजे तिच्यात टोमणा मारायचंही त्राण उरलं नव्हतं.

"आई, बसा जरा."

"वेड लागलंय? मुकादम बघेल."

बसलेली बाई दिसली की मुकादम तिला घरी पाठवी, आणि परत बोलवत नसे. पण तो भिंतीपलीकडून उठायचा कंटाळा करी. म्हातारीचं तोंड चालू म्हणजे काम चालू, एवढंच त्याला ठाऊक.

सुनेनं सासूला धरून चादरींच्या ढिगामागं बसवलं. हात गारठलेला होता. मग चादरीचं एक टोक तिनं खिळ्याला अडकवलं.

"आज एवढी शांतता कसली?" पलीकडून मुकादम ओरडला. "म्हातारी झोपली काय?" खुर्ची सरकली.

"कोपरा धर की नीट!" सून सासूच्या आवाजात स्वतःवरच खेकसली. "हात आहेत का खुंट्या? माहेरी हेच शिकवलं का तुला?"

खुर्ची करकरली. मुकादम परत बसला.

ढिगामागून, डोळे न उघडता, सासू पुटपुटली, "माहेर नाही हं काढत मी कुणाचं."

"काढता. खांदा फारच ठणकला की काढता."

दुखरा खांदा सासूनं हळूच ढिगाला टेकवला.

"मग जरा जोरानं म्हण," ती म्हणाली. "इतकं मिळमिळीत मी जन्मात बोलले नाही."