सातवी कडी

बाबांनी रेवदंड्याच्या खडकांतून आणलेल्या विषारी शंखापासून नेत्राला वेदनाशामक औषध शोधायचं होतं. विषातल्या प्रथिनाच्या साखळीतल्या कड्या, म्हणजे अमिनो आम्लं, मास स्पेक्ट्रोमीटरनं वजनावरून ओळखल्या, पण सातवी अडली. तिथं बसू शकणाऱ्या दोन कड्यांचं वजन तंतोतंत सारखंच. म्हणून विषाचा उरलेला शेवटचा थेंब तिनं एकेक कडी सोडवून ओळखणाऱ्या रासायनिक यंत्रात घातला. दिवसभरात सहा सुटल्या आणि वीज गेली, नमुना वाया. "दोन्हींतली कोणतीही लिही नि घरी चल," सहकारी निकेत जांभई देत म्हणाला. थकलेल्या नेत्राची बोटं कळफलकावर थबकली. तिनं फोन लावला. "लवकर बोल बाय, कीर्तन रंगलंय," बाबा टाळांच्या गजरात ओरडले. "बाबा, आणखी शंख लागतील," ती कशीबशी म्हणाली. मागच्या शंखाच्या डंखानं त्यांचा उजवा हात अजून बधिर होता. "आनीन गो, त्यात काय! या बारीला डावा हात घालीन."