पटासाठी दिलेलं वर्ष

मैदानावर मांडलेल्या टेबलाशी विश्वंभर आपल्या मुलीला, कोमलला, घेऊन उभा होता. टेबलावर तिचं आधारकार्ड पडलं होतं, आणि त्यावरची एक जून ही जन्मतारीख सर्वांची वाचून झाली होती. मुलींच्या बेसबॉल संघाच्या यादीत तिचं नाव सर्वांत वर होतं. निवड समितीच्या माणसानं त्यावर पट्टी ठेवली आणि रेघ मारली. रेघ सरळ आली, एवढंच समाधान त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

“हिच्यासारखा चेंडू टाकणारी पिचर जिल्ह्यात दुसरी नाही,” तो म्हणाला. “पण संघ सतरा वर्षांखालचा आहे, आणि कागदावर हिला सतरा पूर्ण आहेत.”

“सोळाची हाय ती,” विश्वंभर म्हणाला. “माझ्या लेकराचं वय मला म्हाईत का तुमच्या कागदाला?”

“मग तारीख चुकली असं शाळेनं लेखी द्यावं. रजिस्टरच्या उताऱ्यासकट. पाचपर्यंत यादी थांबवतो.”

दोरीपलीकडे पालकांच्या घोळक्यात हिंगोलीचे गुलाबचंद उभे होते. कोमल गळाली तर त्यांची मुलगी साधना संघात येणार होती. “लोक पोरींचं वय कमी करून आणतात, पाटील,” ते मोठ्यानं म्हणाले. “तुमी वाढवून आणलं व्हय?”

घोळका हसला. विश्वंभर वळला नाही. त्यानं तिथूनच गावच्या शाळेला फोन लावला.

गावाहून उत्तमसिंग गुरुजी जुनं रजिस्टर काखेत घेऊन आले, तेव्हा तीन वाजून गेले होते. विश्वंभरनं त्यांना प्रेक्षकांच्या पायऱ्यांवर धड टेकूही दिलं नाही.

“माझ्या पोरीचं एक साल खाल्लं तुमी, गुरुजी! माझ्या ओट्यावर येऊन हात जोडलते का न्हाई? पटात एक लेकरू कमी पडून राहिलं, दुसरा मास्तर जाईल, शाळा बंद पडंल, म्हणलते. मी म्हणलो, लिवा. पाच वर्षांची पोर सहाची लिवा. गावाच्या शाळेसाठी दिली. अन् आज ह्या लोकायनी तिला हाकलावं, मला हसावं? तुमची शाळा वाचली. माझ्या लेकराचं साल कोण भरून देईल?”

पायऱ्यांवरच्या माना वळल्या. कोमल खालच्या पायरीवर बसून बुटाची नाडी सोडत होती. तिचा हात थांबला.

गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं. मग खिशातून पेन काढलं. “बराबर हाय तुमचं. मी लिहून देतो.”

विश्वंभर या उत्तराला तयार नव्हता. भांडणासाठी उगारलेला आवाज आता कुठं ठेवावा, हे त्याला कळेना.

“माझ्या नोकरीचं काय, दीड साल राहिलं. होईल ते होईल,” गुरुजी म्हणाले. “पर सही करायच्या आधी एक बार हे पाहून घ्या.”

त्यांनी रजिस्टर मांडीवर उघडलं. त्या वर्षी पहिलीत आलेल्या सात मुलांची नावं एकाच शाईत, एकाच अक्षरात उतरली होती. सातही नावांपुढे एक जून. तिसरं नाव कोमलचं होतं. चौथं रुद्रचं, विश्वंभरच्या थोरल्या भावाच्या मुलाचं.

“रुद्र बी तवा पाचाचाच होता. ह्याच तारखेवर त्यानं फौजेच्या भरतीचा फॉर्म भरला. मी एक तारीख खोटी म्हणलो, की चौकशी सातायचीबी होईल. मंग तोबी सोळाचाच. भरतीतून बाद.”

विश्वंभरनं रुद्रच्या नावावर बोट ठेवलं. कोणाकडेही न बघता तो म्हणाला, “भावाला काय तोंड दाखवू?”

“रुद्र पुढच्या साली उभा राहील की,” कोमल म्हणाली. “मला पुढच्या साली खरंच सतरा पूर्ण होतील, बाबा. मंग कुठं खेळू?”

“त्याच्या नोकरीवर घर उभं राहणार हाय, बाई. हे काय, खेळ हाय.”

“मघाशी भांडून राहिलते तवा खेळ नव्हता.”

“आवाज खाली कर. लोक पाहून राहिले.”

“मघाशीबी पाहूनच राहिलते.”

गुरुजींनी कोरा कागद रजिस्टरवर ठेवला. वर तारीख घातली, खाली शाळेचं नाव लिहिलं, आणि पेन हवेत धरून थांबले. “काय करू, विश्वंभरराव? लिवू?”

कोमल उठून बापासमोर उभी राहिली. शब्द तिनं एकेक करून ठेवले.

“रुद्र पिचर असता अन् भरती माझी असती, तर तुमी आता काय म्हणला असता, बाबा? लिवा का नका लिवू?”

विश्वंभरनं तिच्याकडे पाहिलं नाही. गुरुजींकडेही नाही. पेनाखालचा कागद त्यानं बाजूला सारला, रजिस्टर स्वतःच्या हातानं मिटलं, आणि पायऱ्या उतरून तो फाटकाकडे चालू लागला.